समेटाची सही

बावीस वर्षांत रेक्टरबाईंनी साठ-सत्तर समेट घडवून आणले होते, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. धर्मसंस्थेचं विद्यापीठ म्हटल्यावर तिथे पोलिसी खाक्या कसा चालेल? मुलींच्या वसतिगृहात काही बिनसलं की बाई दोघींना प्रार्थनागृहात नेत. एकीने माफी मागायची, दुसरीने द्यायची, दोघींनी छापील कागदावर सही करायची. साबणाची चोरी, चहाड्या, कुणाचा मोबाइल कुणी फोडला, सगळं तिथल्या तिथे मिटायचं. बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या सकाळी मात्र दुसऱ्या मजल्यावर गणितवालीच्या दारावर काळ्या रंगात हातभर अक्षरं उमटली होती, 'ही घाण बाहेर काढा.' आत तिची गादी पाण्याने थबथबलेली. अख्ख्या मजल्याची गणितं सोडवून द्यायची म्हणून ती गणितवाली. शिष्यवृत्तीवर शिकणारी आणि वसतिगृहातली एकुलती एक परधर्माची मुलगी. याखेरीज तिचा काही गुन्हा नव्हता.

लिहिणाऱ्या तिघी दुपारपर्यंत सापडल्या. एकीच्या नखांतला रंगसुद्धा निघाला नव्हता. तिघींची म्होरकी म्हणजे प्रार्थनेत पहिला आवाज लावणारी, बाईंची लाडकी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी नेहमीची वाट धरली. दार रंगवून घेतलं, आणि समेटाचा कागद काढला.

"बाई, मी माफ केलं तरी चौकशी होईल ना?" गणितवालीने विचारलं.

"होईल गं. का नाही होणार? माफी देवापुढची, चौकशी ऑफिसातली."

हे बाईंनी अगदी मनापासून सांगितलं. नियमावली त्यांनी कधी उघडलीच नव्हती. समेट झाल्यावर प्रकरण पुढे न्यायची वेळच कधी आली नव्हती. मुलीने सही केली. म्होरकी रडली, तिच्या गळ्यात पडली, बाईंचेही डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, त्या दिवशी त्यांना फार छान वाटलं.

पंधरा दिवसांनी, वार्षिक परीक्षेच्या सकाळी, कुणीतरी गणितवालीच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. बाकी मुली पेपरला गेलेल्या. ती दोन तास दार बडवत होती. झाडूवालीला ऐकू गेलं, तिने कुलूप तोडलं, तोवर पेपर संपत आला होता. पेपर बुडाला म्हणजे शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती गेली म्हणजे शिक्षणच संपलं. कुलूप म्होरकीच्या ट्रंकेचं निघालं.

शिस्त समितीपुढे कुलसचिवांनी फाइल उघडली. मवाळ माणूस, आवाज कधी चढायचा नाही. असल्यांचीच जास्त भीती.

"मागची तक्रार समेटाने मिटलेली आहे," ते म्हणाले. "मिटलेली तक्रार पुन्हा काढता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे मुलींची ही पहिलीच चूक. द्वेषाने केलं असं ठरलं असतं, तर हिला फेरपरीक्षा देता आली असती. पण पुरावा कुठाय? मस्करीची कुस्करी झाली, एवढंच. बाई, तुम्ही आणखी एक समेट घेऊन टाका."

गणितवालीने मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या.

"पुरावा मी आहे," त्या म्हणाल्या. "'ही घाण बाहेर काढा' असं लिहिलं होतं दारावर. मी वाचलंय, आणि मीच त्यावर रंग मारायला लावला. चौकशी होईल असं चुकीचं सांगून हिची सही घेतली, तीही मीच. ती सही धरू नका."

कारकून लिहू लागला तसा कुलसचिवांनी हात वर केला. "दाराचं राहू द्या. बाईंनी चुकीचं सांगून सही घेतली, तेवढं लिहा."

त्या एका ओळीवर बाईंची नोकरी गेली. सही मात्र कायम राहिली, कारण विद्यापीठाचे समेट मोडायला लागलं तर मग संपलंच. तिघींना लेखी समज मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक हळहळून म्हणाले. पण हा संन्यासीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

गणितवाली सामान बांधत होती तेव्हा बाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, मला माफ कर."

"नाही, बाई," ती म्हणाली. चिडून नव्हे. चादरीची घडी घालता घालता म्हणाली. "एकदा केलं होतं."

मन मोठं करावं, देव पाहत असतो, असली वाक्यं बाईंच्या जिभेवर तयारच असत. साठ-सत्तर मुलींना त्यांनी असंच वाकवलं होतं. त्यांनी ती गिळली.

"नको करूस," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुलीचे वडील धापा टाकत जिना चढून आले. दमलेला, साधा माणूस; पेपर बुडाला यापलीकडे पोरीने त्यांना काही सांगितलं नव्हतं. बाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच रेक्टरबाई ना? परक्या ठिकाणी माझ्या लेकीला सांभाळलंत, फार उपकार झाले."

मुलगी खाली पाहत ट्रंकेचं झाकण दाबत राहिली.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "नाही सांभाळलं."