शेवटच्या चार ओळी

मी एक जाडजूड धर्मग्रंथ बोलतोय. तोंड वाकडं करू नका, उपदेश करणार नाही. ती हौस माझ्या मालकांची. माझी अक्षरं हिब्रू आणि मला उघडायचं उजवीकडून, पण सारा जन्म मराठी बोलणाऱ्यांत गेला, म्हणून तुमच्याशी मराठीतच बोलतो.

रब्बी हनोख झिराडकर यांनी मला परदेशातून ट्रंकेत घालून अलिबागजवळच्या आपल्या गावी आणलं. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. बाहेर शिकून रब्बी, धर्मगुरू, झाले आणि आल्या आल्या त्यांनी गावात धर्मपाठशाळा काढली. आठ बाकं आणि एक उंच लाकडी घोडी, त्या घोडीवर मी. आमच्या उपासाच्या, माफी मागायच्या मोठ्या दिवसाचे नियम माझ्या पोटात आहेत.

आमच्यात दोघादोघांनी बसायचं आणि भांडत शिकायचं. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, बांधावरून जुंपलीय! मला तो गोंगाट फार आवडायचा. रब्बी मात्र करडे. एकाच्या हातून माझ्यावर चहा सांडला, तर आठवडाभर अख्ख्या पाठशाळेला चहा बंद.

ग्रंथ पुरा करायचीही एक रीत आहे. शेवटच्या ओळी मुद्दाम राखून ठेवायच्या. मग दहा यहुदी पुरुष जमवून त्यांच्यासमोर त्या वाचायच्या, गोडधोड खायचं, आणि ग्रंथालाच सांगायचं की मी पुन्हा तुझ्याकडे येईन. नऊ असले तर नाही चालत. विद्यार्थी एकेक करून इस्राएलला जात होते. रब्बींना धरून बरोबर दहा उरले, तेव्हा माझ्या शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. रविवार ठरला. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

आदल्या दिवशी शनिवार, आमचा शब्बाथ. त्या दिवशी विस्तव नाही, काम नाही, फोन नाही. रब्बींनी बिन्यामिनला विहिरीमागे मोबाइलवर बोलताना पकडलं. तो त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी.

"रब्बी, ऐका तरी, आई..."

"पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही!" रब्बी ओरडले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी नऊच जमले, चार ओळी तशाच राहिल्या. सोमवारी कळलं. त्याची आई घरात कोसळली होती आणि तो गाडी बोलावत होता. जिवाचा प्रश्न असेल तर शब्बाथ मोडावा, नुसती शंका असली तरी मोडावा, हे माझ्याच पानावर लिहिलंय. पंधरा दिवसांपूर्वी रब्बींनी ते स्वतः शिकवलं होतं. ते धावत बिन्यामिनच्या घरी गेले. आई वारली होती, बिन्यामिन गाव सोडून गेला होता, घराला कुलूप होतं.

नऊचे सात झाले, सातांचे तीन. पाठशाळेला टाळं लागलं. रब्बींची मुलगी नूतन मस्कतला बौशरमध्ये लॅब टेक्निशियन आहे. तिनं वडिलांना तिकडे नेलं, आणि वडिलांनी मला. त्या घरात सगळं थंडगार, एसी दिवसभर घरघरत असे. आता रब्बी एकटेच माझ्यासमोर बसत. भांडायला समोर कोणी नाही. एकाच पानावर त्यांचा अंगठा थांबे: माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसानंच माफ करावं लागतं, देवाच्या हातात ते नाही.

मग हुसैनमियाँ भेटले. मूळचे रेवदंड्याचे, मस्कतजवळच्या बरका गावच्या मासळीबाजारात त्यांचा गाळा. नूतन त्यांच्याकडूनच सुरमई घेते. एकदा मासळी घेऊन घरी आले आणि मला पाहून म्हणाले, "ह्ये पन आमच्यासारकंच, उजवीकडून!" बोलता बोलता निघालं, की एक बिन्यामिन त्यांच्याच बाजूच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे.

रब्बींच्या हातातला चमचा खाली पडला.

"त्याला सांगा, मला माफी मागायचीय. मी येतो बरक्याला."

चार दिवसांनी हुसैनमियाँचा निरोप आला. "बगतो म्हनला. रागीट हाय, पन येल. इन्शाल्ला. तुमचा नंबर दिलाय त्याला, त्याचा नूतनबाईंना दिलाय."

शनिवार उजाडला. नूतन ड्युटीवर गेली. जाताना नेहमीसारखा जुना मोबाइल माझ्या शेजारी ठेवून गेली. "पप्पा, इमर्जन्सी असली तरच हं." दुपारी तो वाजला. पडद्यावर नाव होतं, बिन्यामिन.

रब्बींचा हात पुढे गेला. थांबला. माझ्यावर येऊन टेकला. "तीन तारे दिसू देत," ते मला म्हणाले, "शब्बाथ संपला की पहिला फोन त्यालाच." फोन तीनदा वाजला. अहो, त्यांचा तळवा नेमका जिवासाठी शब्बाथ मोडावा म्हणणाऱ्या पानावर होता! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तारे दिसले. त्यांनी फोन लावला. उचलला हुसैनमियाँनी.

"रब्बीसाहेब, खलास झालं. दुपारी छातीत कळ आली. हास्पिटलात नेला. आपरेशनच्या आदी हट्टानं फोन मागून घेतलान, तुमाला लावलान. तीनदा लावलान."

"काय म्हणायचं होतं त्याला?"

"त्ये मला नाय सांगितलान."

मी त्यांच्या मांडीवरून खाली पडलो, माझा कणा मोडला. धर्मग्रंथ पडला तर आमच्यात तो उचलून त्याचं चुंबन घेतात. त्या दिवशी मला ड्युटीवरून परतलेल्या नूतननं उचललं.

आज इथं मस्कतला, परक्यांच्या दफनभूमीत, बिन्यामिनला आणलंय. मेलेल्याची माफी मागायची तर दहा माणसं कबरीपाशी उभी करून मागायची, हेही माझ्यातच आहे. दहा यहुदी आणायचे कुठून? हुसैनमियाँ बाजारातले नऊ कोकणी भाऊ घेऊन आले, स्वतः धरून दहा. अंगाला मासळीचा वास, डोक्यावर टोप्या. नियमात हे बसत नाही. रब्बींनी यावेळी नियम विचारला नाही.

"बिन्यामिन," ते म्हणाले, "मी तुझं ऐकून घेतलं नाही. तेव्हाही नाही, परवाही नाही. मी तुझा अपराधी आहे."

हुसैनमियाँनी हळूच विचारलं, "आता आमी काय बोलायचं?"

"काही नाही. बोलायचं त्यानं होतं."

मग त्यांनी माझं शेवटचं पान उघडलं. चार ओळी होत्या तशाच होत्या. मी वाट पाहिली. त्यांनी मला मिटलं, ओठांना लावलं आणि नूतनच्या हातात दिलं. जीर्ण ग्रंथ आमच्यात मातीतच ठेवतात. ती वाकून मला बिन्यामिनच्या शेजारी ठेवतेय.

वाळू पडायला लागलीय. आता लवकर सांगतो. समोरचा माणूस "ऐका तरी" म्हणाला, तर दार लावू नका. रब्बी मला पुन्हा येईन म्हणाले नाहीत. त्यांनी नूतनचा हात धरलाय आणि ते फाटकाकडे चाललेत.