खिंडीच्या अलीकडचा कुकर

मी एक कुकर बोलतोय, आणि वैतागून बोलतोय. हे आधीच सांगितलेलं बरं. गोड गोड आत्मकथा ऐकायची असेल तर माझ्या शेजारी चहाची किटली बसलीय, तिला विचारा. तिचं सगळं छान चाललंय.

माझा जन्म ब्राझीलमधल्या एका कारखान्यातला. भयंकर उकाडा होता. अॅल्युमिनियमची एक चकती यंत्राखाली गेली, दणका बसला आणि मी झालो. मग झाकण आलं, झाकणाला रबरी रिंग आली, मधोमध शिट्टी बसली. तपासणाऱ्या माणसाने मला पाण्यात बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "हा दाब सहन करेल." मला ती स्तुती वाटली. लहान होतो. आयुष्यभर हेच करायचंय, हे कुणी सांगितलं नाही.

तिथून ट्रकमध्ये बसून मी वर आलो. वर म्हणजे किती वर, तर अर्ध्या वाटेत ड्रायव्हरचंच डोकं दुखायला लागलं. एल आल्तो नावाच्या डोंगरावरच्या शहरातल्या बाजारात रुफिनो नावाच्या तरुणाच्या धर्ममातेने मला विकत घेतलं आणि त्याच्या लग्नात नवरीला भेट म्हणून दिलं. नवरीचं नाव बासिलिया. बँड वाजत होता, लोक बिअरचा पहिला घोट जमिनीला देऊन उरलेला स्वतः घेत होते, आणि एका काकाने मला डोक्यावर घेऊन अंगणभर नाच केला. मला कुणी डोक्यावर घेतल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

बासिलिया बुटकी, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. घेरदार परकर, दोन वेण्या, वेण्यांवर गोल टोपी. रुफिनो सडपातळ आणि बोलका. बोलण्याच्या जोरावरच त्याने धंदा काढला. पाठीवर सॅक घेऊन देशोदेशीचे लोक आमचे डोंगर चढायला यायचे, त्यांना वाट दाखवायची. वाट रुफिनो दाखवणार, स्वयंपाक बासिलिया करणार. आणि बासिलिया म्हणजे मी. कारण आमच्या उंचीवर साध्या पातेल्यात पाणी उकळतं, उतू जातं, आटून जातं, पण बटाटा दगडासारखाच राहतो. तिथे माझ्याशिवाय पान हलत नाही.

तर मी गाढवाच्या पाठीवर चढलो आणि डोंगरात गेलो. एक हंगाम, दुसरा हंगाम, किती हंगाम गेले ते मोजायचं सोडून दिलं.

या सॅकवाल्यांबद्दल काय बोलू! एकाला मांस चालत नाही, दुसरीला दूध चालत नाही. एक जण म्हणाला, मी बटाटा खात नाही. बटाटा न खाणारा माणूस आमच्या डोंगरात येतोच कशाला? बासिलियाने मान हलवली आणि त्याच्यासाठी वेगळं शिजवलं, पुन्हा माझ्यातच. सूप हातात मिळालं की सगळे डोळे मिटून "अहाहा" करायचे. न विचारता तिचे फोटो काढायचे, माझेही काढायचे. आणि सकाळी निघून जायचे.

जायचे कुठे, तर हांको खिंडीपलीकडे. तीच तर माझी खरी तक्रार आहे.

आमचा शेवटचा तळ खिंडीच्या बरोबर खाली असायचा. वर दोन काळ्या कड्यांमध्ये दातात फट असावी तशी एक फट. तिथून सॅकवाले रुफिनोच्या मागोमाग पलीकडे उतरायचे आणि खालच्या उबदार खोऱ्यातून गाडीने परस्पर शहरात जायचे. आम्ही मात्र तळावरूनच मागे फिरायचो. भांडी, गाढवं, तंबू, बासिलिया आणि मी. खिंडीपलीकडे गेलेले पाहुणे तिकडचं सांगायला कधी परत आले नाहीत.

एकदा बासिलिया रुफिनोला म्हणाली, "या वेळी मी पण येते वर."

"आणि भांडी?"

"भांडी काय, बघेल कुणीतरी."

"अगं, तिथे आहे काय बघण्यासारखं? दगड आहेत."

"मग यांना कशाला दाखवतोस?"

"ते विचारत नाहीत, म्हणून दाखवतो," असं म्हणून तो हसला आणि शिट्टी वाजवत वर निघाला.

शेवटचा माणूस फटीत दिसेनासा होईपर्यंत बासिलिया उभी राहिली. मग मला ओढ्यावर नेऊन तिने वाळूने असं काही घासलं की माझं बूड पातळ झालं असेल. तो राग माझ्यावर नव्हता, हे एवढ्या वर्षांत मला कळायला लागलं होतं.

मग एका वर्षी ऐन हंगामात रस्ते बंद झाले. खालच्या गावांनी सरकारवर चिडून रस्त्यावर दगड रचले, टायर पेटवले. पाहुणे येईनात. रुफिनो रोज सभेला जाऊन भाषणं ऐकायचा आणि घरी येऊन तीच आम्हाला ऐकवायचा. चार दिवस बासिलियाने ती ऐकली. पाचव्या दिवशी तिने नणंदेला, तोमासाला, बोलावलं आणि म्हणाली, "चल, आपण खिंडीवर जाऊ."

"कुणाला घेऊन?"

"कुणाला नाही. आपण दोघी."

तोमासा तोंडाने फटकळ आणि पायाने आळशी. ती म्हणाली, "वहिनी, आयुष्यभर ओझी वाहिली ती कमी पडली का? आता हौसेने वाहायची?" पण आली. कुण्या पाहुण्याने टाकून दिलेली, चेन तुटलेली सॅक तिच्याकडे होती, ती तिने दोरीने बांधली. बासिलियाने मला, वाळवलेले काळे बटाटे, बाकल्याच्या शेंगांचे दाणे आणि सुकं मांस रंगीत कापडात गुंडाळलं आणि गाठ छातीवर मारली. लहान मूल बांधावं तसा मी तिच्या पाठीवर. गाढव नाही, गिऱ्हाईक नाही. मला इतका आनंद झाला की माझं झाकण खडखडत होतं. रुफिनो दारात उभा राहून विचारत होता, "पण का?" आणि आम्ही केव्हाच अंगण ओलांडलं होतं.

रस्ता अडवून बसलेल्यांनी आम्हाला थांबवलं.

"कुठे निघालात, मावशी, कुकर घेऊन?"

"फिरायला."

"फिरायला! तुम्ही काय गोऱ्या मडमा आहात?"

सगळे खो खो हसले. तोमासा म्हणाली, "हसा, हसा. तुम्हाला दगडावर बसायला येतं, आम्हाला दगडावरून चालायला येतं." मग एकाने टायर बाजूला सरकवला आणि आम्हाला वाट दिली. पण हसणं बरंच लांबपर्यंत मागून ऐकू येत होतं. वाटेतल्या गावात एक बाई विचारते, तुमचे पाहुणे मागे राहिले का? लामा चारणारा म्हातारा विचारतो, तुमचे पाहुणे पुढे गेले का? पाठीवर ओझं घेतलेली आमच्याकडची बाई स्वतःसाठी चालत असेल, हे कुणाच्या डोक्यातच येईना. बासिलिया पहिल्यांदा उत्तर द्यायची. नंतर नुसती थकवा घालवणारी कोकाची पानं चघळत चालू लागली.

शेवटच्या तळावर पोचलो तर तिथे आधीच तंबू. रंगीबेरंगी, सात-आठ. विल्मर नावाचा एक नवा वाटाड्या लोकांना घेऊन आला होता. त्याची माणसं पायवाटेने वर आली होती, पण शिधा आणि स्वयंपाकी घेऊन येणारा ट्रक रस्त्यावरच्या दगडांत अडकला होता. बिस्किटं संपली होती. एक मुलगी तंबूत आडवी पडलेली, ओठ निळे, पोटात काही ठरत नव्हतं.

विल्मर धावत आला. आमच्याकडे बाईला मानाने डोन्या म्हणतात. "डोन्या बासिलिया! देवच पावला!"

"देव नाही, मी आहे. आणि मी रजेवर आहे."

एक उंच माणूस काहीतरी बोलला. विल्मरने सांगितलं, "तो विचारतोय, तुमचा गट कुठे आहे?"

"सांग त्याला, हाच गट. आम्ही दोघी."

विल्मरने सांगितलं. ते सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्या उंच माणसाने हसत हसत आपली रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि ओढ्याकडे बोट दाखवलं.

मी पाठीवर होतो, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. पण कापडाची गाठ ताणली गेल्याचं जाणवलं. ती तशीच उभी होती. तोमासा पुटपुटली, "टाक ती बाटली त्याच्या टाळक्यात." तेवढ्यात तंबूतली मुलगी ओकली. पोटात काही नसताना ओकतात तसा नुसता कोरडा आवाज. बासिलियाने पाठीवरून मला उतरवलं.

आमचा तीन दिवसांचा शिधा त्या एका संध्याकाळी माझ्यात गेला. मी असा तापलो, अशी वाफ सोडली, जणू त्या सगळ्यांना पळवूनच लावणार होतो. माझी शिट्टी नाचायला लागली आणि त्या लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! माझ्या संतापाची ही किंमत. मुलीच्या पोटात सूप ठरलं, तिच्या ओठांवर रंग आला. ते चांगलंच झालं, मी इतका वाईट नाही. पण तळाशी दोघींसाठी जेमतेम चार काळे बटाटे उरले.

सकाळ लख्ख होती. खिंडीच्या फटीत आभाळ निळं दिसत होतं. विल्मरने ठरवलं होतं की मुलीला घेऊन सगळ्यांनी खाली परतायचं. तो टोपी काढून आला.

"डोन्या, तुम्ही आमच्याबरोबर चला. पाहुणे म्हणतात, ह्याच बाई हव्यात. खालच्या गावात सामान मिळेल. तुमचं तुम्हाला नीट मिळेल, माझा शब्द."

तोमासा विचारात पडली. "वहिनी, खायला काही उरलं नाही. खिंड काय पळून जातेय? पुढच्या वर्षी जाऊ."

बासिलियाने चार बटाटे पदराला बांधावे तसे शालीच्या टोकाला बांधले. मला ओढ्यात धुतलं. या वेळी वाळू नाही, नुसत्या हाताने, सावकाश. मग आली आणि मला विल्मरच्या कुशीत ठेवलं.

"पाणी बोटभर वर ठेव. शिट्टी नाचायला लागली की आच कमी कर. वाफ गेल्याशिवाय झाकण उघडू नकोस, तोंड भाजेल."

"आणि तुम्ही?"

"मी चालले."

"अहो, पण स्वयंपाक?"

"शिक."

तोमासा एका धोंड्यावर बसली, देवाला, वहिनीला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या दिल्या आणि सॅकची दोरी आवळून मागून निघाली.

मी विल्मरच्या हातातून बघत होतो. एक हिरवा परकर, एक तांबडा परकर, काळ्या दगडांवरून वर वर. वाटलं, एकदा तरी मागे वळेल. तिने जितक्या वेळा त्या फटीकडे पाहिलं, तितक्या वेळा मीही पाहिलं होतं की नाही? तिच्या चुलीवर बसून, तिच्याच शेजारी? पण ती वळली नाही. हिरवा गेला, मग तांबडा गेला.

आता मला कळतं. मी पाठीवर असतो तर पलीकडेही तिला कुणीतरी बाटली दिली असती. कळतं, पण राग जात नाही. कळणं वेगळं आणि मागे राहणं वेगळं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. विल्मरने पहिल्याच दिवशी वाफ जायच्या आधी झाकण उघडलं. बाकला तंबूच्या छताला चिकटली. माझी रिंग कुठेतरी पडली. शेवटी त्याने मला ला पासमधल्या डोन नेस्तोरच्या स्वस्त मुसाफिरखान्यात सोडलं. इथे सगळे सॅकवालेच उतरतात. स्वतःच शेवया उकडून खातात. मला हात लावायला घाबरतात. कुणीतरी माझ्यावर कवटीचं चित्र चिकटवलंय. डोन नेस्तोर माझ्यात कांदे ठेवतो.

आणि परवा बासिलिया आली.

तोमासाही होती. दोघी आता स्वतः लोकांना डोंगरात नेतात. सकाळच्या गटाला भेटायला आल्या होत्या. बासिलियाने मला लगेच ओळखलं. कांदे बाहेर काढले, काठावरून बोट फिरवलं. तेवढ्यात गटातल्या एका मुलीने आमच्या भाषेत अडखळत विचारलं, "खिंडीपलीकडे काय आहे?"

मी श्वास रोखला. म्हणजे कुकर रोखतो तसा.

"दगड," बासिलिया म्हणाली. "मग थोडं गवत. मग आणखी एक खिंड."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे एवढंच बघून ही तिथे बसून हमसून हमसून रडली होती," तोमासा म्हणाली.

"वारा होता," बासिलिया म्हणाली.

डोन नेस्तोरने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमचाच ना हा? घेऊन जा की."

तिने मला दोन्ही हातांनी उचललं. कारखान्यातून निघाल्यापासून इतका हलका मी कधीच नव्हतो.

"नको," ती म्हणाली. "याची रिंग गेलीय. आणि आता स्वयंपाक रुफिनो करतो. त्याच्यासाठी लहान घेतलाय, हा त्याला आवरत नाही."

आणि तिने ते कांदे परत माझ्यात ठेवले. एकेक करून, जपून. पण ठेवले.

तर असं आहे. तुम्ही कोण, कुठून आलात, मला ठाऊक नाही. पण तुमच्याही पाठीवर सॅक दिसते. रिंग या बाजारात ढिगाने मिळते. नाही बसवलीत तरी चालेल. मला शिजवायचं नाहीये. मला नुसतं वर न्या, त्या फटीत एका धोंड्यावर ठेवा, झाकण काढा आणि माझं तोंड पलीकडे करा. दगड तर दगड. माझे मला बघू द्या.

आणि जाण्याआधी हे कांदे तेवढे काढा.