पाठीमागचं पाणी

समुद्रकाठच्या जर्जीस गावातल्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी सी हेदी मास्तर गोष्ट लिहायला शिकवत. मास्तर निवृत्त झाले होते, त्यांचं लाल पेन मात्र अजून नोकरीवर होतं. मबरूका तिथे यायची ती एकाच कामासाठी. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा वज्दी चोरून होडीने इटलीला निघाला आणि समुद्राने त्याला ठेवून घेतलं. कबर नाही, निदान गोष्ट तरी असावी, असं तिला वाटे.

गोष्ट वज्दीच सांगत होता. 'मी पिशवी उचलली. उंबरा ओलांडला. पाठीमागे आईने सुरईतलं पाणी ओतलं.'

लाल पेन थांबलं. "लल्ला मबरूका," मास्तरांनी आदराने विचारलं, "हे कोणाच्या डोळ्यांनी चाललंय?"

"माझ्या पोराच्या."

"मग पाणी त्याला दिसलं कसं? माणूस सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या पाठीमागे ओततात, आणि जाणारा वळून बघत नाही. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं."

"एकच ओळ आहे, मास्तर. राहू द्या की."

"राहू दे. पण मग आईच्या डोळ्यांनी लिहा. ओतलं तिनेच ना?"

मबरूकाने वही स्वतःकडे ओढली. "नाही ओतलं," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"सुरई भरून दारात ठेवली होती. पण तो ऑलिव्हची तोडणी अर्धी टाकून निघाला. स्फाक्स शहरात कामाला जातो म्हणाला. मला राग आला. तोंडातून शब्द काढला नाही, आत निघून गेले. संध्याकाळी त्याच पाण्यात कालवण शिजवलं आणि जेवले."

सी हेदींनी पेन खाली ठेवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याची त्यांना आज लाज वाटली.

"आईच्या डोळ्यांनी मला नाही लिहवणार," मबरूका म्हणाली. "पण तो वळला नाही, हे नक्की. मी खिडकीतून बघत होते. दारात मित्राची मोटरसायकल फटफटत होती, त्याला काही ऐकूही आलं नसेल. मग पाणी ओतलं नाही हे त्याला कळलंच नसेल ना, मास्तर?"

"नाही," सी हेदी हळूच म्हणाले. "त्याच्या जागेवरून नाही कळणार."

तिने त्यांचंच लाल पेन उचललं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'मी वळून बघितलं नाही. आईने पाणी ओतलंच असणार.'