विश्रांतीसाठी प्रार्थना

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिली आणि ह्यांना सोडून माझ्याकडं बघत सांगितलं, महिनाभर बोलणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल. हे माधवनगरच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. उभा जन्म उपदेशात, मयतीत आणि घरोघरच्या प्रार्थनांत गेलेला.

माझ्या बहिणीची कडेगावला शेतात खोली आहे, चारी बाजूंनी ऊस. तिथं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या रविवारी मी मंडळीत उठून प्रार्थनेत आठवण ठेवा, एवढंच म्हणाले. पण आमच्यात मोघम प्रार्थना चालत नाही. नाव, दुखणं, ठिकाण, सगळं सांगावं लागतं. सेक्रेटरी रविराजनं विचारलं कुठं, आणि ह्यांनीच बसल्या जागेवरून सांगून टाकलं.

तिथं हे बांधावर बसून राहायचे, तोंड रस्त्याकडं. मला वाटायचं, हवा खातायत.

एका सकाळी टेम्पो आला. ढोलकी, झांजा, भाताचं पातेलं, टेम्पोभर मंडळीतली माणसं. चंद्राबाई उतरता उतरता म्हणाली, "पाळकबाई, साहेबांच्या इस्रांतीसाठी साखळी प्रार्थना धरलीया. म्हटलं हितंच करावी, जवळनं लवकर लागू व्हती."

दुपारपर्यंत एकामागून एक जण ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून, देवा तुझ्या सेवकाला शांतता दे, असं ओरडत होता. मग रविराज म्हणाला, पाळकांच्या आशीर्वादाशिवाय साखळी सोडायची कशी? मी आडवी आले, डॉक्टरांचं सांगितलं.

"आवं, आशीर्वादानं कुणाचा घसा बसतूय व्हय?" चंद्राबाई हसली.

हे उठले. आशीर्वादाचा उपदेश झाला, उपदेश लांबला. शेवटी तोंडातून नुसता वारा येत होता, तरी माणसं आमेन म्हणत होती.

निघताना त्यांच्यातल्या कोंडीबाच्या सुनेचं दुखणं निघालं. ती साताऱ्याला. टेम्पोतनं चला, जाता जाता वाटेत तिच्या डोक्यावर हात ठेवा, म्हणाले. सातारा एकीकडं आणि माधवनगर दुसरीकडं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? ह्यांनी चपला घातल्या.

"तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई का?" मी विचारलं.

हे कानाशी आले. घोगऱ्या श्वासात म्हणाले, "आन् कुणी आलंच नसतं तर?"

टेम्पो ह्यांना घेऊन गेला. मी सगळ्यांचे कप धुतले.

आवाज गेला तो गेलाच. चंद्राबाईनं मंडळीत साक्ष दिली, साखळी लागू पडली, पाळकांना विश्रांती मिळाली. हे पुढच्या खुर्चीत मान हलवत होते. उपदेशाला रविराज उभा होता.

आता आमच्या दाराशी कुणी येत नाही. हे खिडकीत बसतात, तोंड रस्त्याकडं.