हरकत नसली तर कळवू नका

तनुजाच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, ही गोष्ट सदाशिवरावांच्या मनात कुसळासारखी सलत होती.

तनुजा उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयात ग्रंथपाल सदाशिवरावांच्या टेबलासमोर वाचत मोठी झालेली. लग्न होऊन चितेगावला गेली तरी ती त्यांना पत्रंच लिही, कारण फोनवर सर दोन वाक्यांत गडबडतात हे तिला ठाऊक होतं. या खेपेचं पत्र मात्र जड होतं. दिवाळीपासून मन कशात लागत नाही, डॉक्टरांनी उदासीवर गोळ्या दिल्यात, पण त्या घेतल्या की तोंड कोरडं पडतं आणि त्यांचं पाकीट दिसलं की सासूबाई उसासे टाकतात. गोळ्या बंद करून अश्वगंधा घेतली तर? ‘तुम्ही झाडपाल्यावरचं एवढं वाचलंय, सर. हरकत असली तर कळवा. नसली तर उगा त्रास नको, कळवू नका.’

सदाशिवरावांनी कपाटातले ग्रंथ काढले. एक अश्वगंधेचे गोडवे गाई, दुसरा जपून राहायला सांगे, आणि गोळ्यांबरोबर काय करायचं हे जुन्या ग्रंथकारांना विचारणार कोण? उत्तर लिहायला बसले की पेन ‘परंतु’वर येऊन थांबे. आपण ना वैद्य, ना डॉक्टर. चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

“अहो, त्या पोरीला प्रबंध नकोय,” त्यांच्या पत्नी अंबिकाबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. “तुमचा अभ्यास संपेपर्यंत ती आजी होईल.”

मग एका सकाळी तनुजाचा नवरा सत्यम कंपनीतली रात्रपाळी करून थेट पुंडलिकनगरला त्यांच्या घरी आला. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी.

“सर, तनूनं धाडल्यात. तुमच्या सल्ल्यानं औषध सुरू केलं ना तिनं.”

“कुठला सल्ला?”

“अश्वगंधाचा. लई दिस वाट बघितली, तुमचं काय आलं नाय. मंग घरात ठरलं, सरांची हरकत नाय. गोळ्या बंद केल्या अन् चूर्णाचा डबा आणला.”

सदाशिवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. “कशी आहे ती?”

सत्यम खाली बघत म्हणाला, “खरं सांगू? आता लई गप झालीय. जेवत नाय, डोळ्याला डोळा नाय. मी म्हणलं, चल दवाखान्यात. तर म्हणती, सरांनी नको म्हणलं नाय, जरा कळ काढू.”

“फोन लाव,” सदाशिवराव म्हणाले. लागताच त्यांनी तो हातात घेतला. “तनुजा? हे बघ... मी हो म्हणालो नव्हतो.”

“पण सर, तुम्ही तर काहीच...”

“मी घाबरलो होतो, बाळ. मला कळत नव्हतं, आणि कळत नाही एवढंसुद्धा लिहिता आलं नाही. आज डॉक्टरांकडे जा. तो डबाही दाखव.”

“रागावलात का, सर?”

“तुझ्यावर? छे.”

अंबिकाबाईंनी फोन ओढून घेतला. “ए तनू, सत्यम निघालाय. तू वेणी घालून तयार राहा. अन् दवाखान्यातून इकडंच या. कढी करतेय, आंबट झाली तरी नावं ठेवायची नाहीत.”

दुपारी दोघं आली. डॉक्टर रागावले नव्हते. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कोरड पडते म्हणून त्यात बदल केला, आणि काही झाडपाला या गोळ्यांशी जमत नाही, तेव्हा तूर्त चूर्ण नको म्हणाले. तनुजाचा चेहरा उतरलेला होता, पण ती अर्धी भाकरी जेवली. निघताना दारात घुटमळली. “बोलणं झालं, सर. पत्राचं उत्तर राहिलंच की.”

ती गेल्यावर सदाशिवराव कपाटाकडे न बघता लिहायला बसले.

‘प्रिय तनुजा, हरकत आहे. गोळी असो की काढा, डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नकोस आणि सोडूही नकोस. झाडपाल्यावर माझी श्रद्धा आहे, पण तू मला त्याहून मोलाची आहेस. सासूबाईंना सांग, ताप आला तर आपण औषध घेतो, तसंच हे. बरं वाटायला वेळ लागेल. तोवर वाटेल ते लिहीत जा, रडगाणंसुद्धा. आणि यापुढे माझं उत्तर आलं नाही, तर सर घाबरलेत एवढंच समज, आणि तुझ्या काकूंना फोन कर.’

खाडाखोड दोन ठिकाणी झाली होती. पुन्हा उतरवून काढावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी पाकीट तसंच चिकटवलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.