कौतिक पंचाचं ऑपरेशन

कौतिकला शिंक येत होती, म्हणून निवाडा थांबला.

चावडीच्या ओट्यावर झुलाल आणि पुना बांधावरच्या बाभळीसाठी भांडत होते. बोलणं बाभळीवरून एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचलं होतं. कौतिकने डावा हात वर केला तसे दोघं गप्प झाले. मग त्याने उजवा हात धोतरावरून जांघेशी घट्ट दाबला, मान खाली घातली आणि मांजरीने शिंकावं तशी एक शिंक दिली. हात तिथेच राहिला. डोळेही मिटलेलेच राहिले. मंडळी अदबीने बसून होती. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "इचार करू राह्यला."

"बाभूळ दोघाची," कौतिक अखेर हळूच म्हणाला. "सावली पुनाची, काटे झुलालचे. शेंगा ज्याची बकरी आधी पोचंन तिच्या."

"अन् लाकूड?" पुनाने विचारलं.

"झाड मरंन तव्हा या."

हे दोघांनाही पटलं. न पटतं तर कौतिकला पुन्हा बोलावं लागलं असतं, आणि त्याला फार वेळ लागायचा.

कौतिकचं वय तेव्हा सत्तावीस. त्याच्या वयाच्या पोरांना चावडीवर फार तर तंबाखू मळायला बोलावत. पण दोन वर्षांपूर्वी, लग्न झालं त्याच हिवाळ्यात, कापसाची गाडी बोदवडला सरकी काढायच्या जिनिंगकडे नेताना चाक नाल्यात रुतलं. बैल सुज्ञ होते, ते थांबले. कौतिकने खांदा लावून गाडी बाहेर काढली, आणि गाडीबरोबर त्याचं आतडंही थोडं बाहेर आलं. जांघेत लिंबाएवढा फुगा. आडवा झाला की आत जाई, उभा राहिला की पुन्हा हजर.

तेव्हापासून कौतिकला मोठ्याने हसता येईना, ओरडता येईना, झटकन उठता येईना. खोकल्याआधीसुद्धा त्याला तयारी करावी लागे. गावाने हे सगळं पाहिलं आणि ठरवलं, की लग्न झाल्यावर पोरगा गंभीर झाला. विनोद झाला तरी हसत नाही, शिवी दिली तरी उठत नाही. असा माणूस पंच म्हणून शोधूनही सापडत नाही. कारण कळलं तेव्हाही गावाने मत बदललं नाही. शहाणपण कोणत्या वाटेने आलं हे कोण बघतं.

पुढच्या उन्हाळ्यात जळगावच्या डॉक्टरांकडे तो गेला तेव्हा बरोबर त्याची आई मंजुळाबाई होती, आणि सासरे तोताराम नाना शिरपूरकडून कामासाठी जळगावला आलेले, तेही होते. डॉक्टर भला माणूस. त्याने तपासलं आणि म्हणाला, "हा अंतर्गळ. ऑपरेशन लहान आहे. घाई नाही, पण लवकर करून टाका."

या एका वाक्याने कौतिकच्या संसाराचे दोन तुकडे झाले. मंजुळाबाईंनी "घाई नाही" तेवढं ऐकलं. तोताराम नानांनी "लवकर करून टाका" तेवढं ऐकलं. कौतिकने दोन्ही ऐकलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही.

वाद जळगावच्या स्टेशनावरच सुरू झाला.

"आधी पोरगं होऊ द्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "मंग काय कापायचं ते कापा. चाकूखाली याचं काही बरंवाईट झालं, तर घराले दिवा नको?"

"अन् पोर व्हयनं, मंग यास्नं काही बरंवाईट व्हयनं, तं?" नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "मनी पोर कडेवर लेकरू लिसन कोठे जाई? पहिले नीट व्हा, मंग पोरंबाळं."

बाकावर मधोमध कौतिक बसला होता. त्याच्या लक्षात आलं, की दोघंही आपल्या भल्याचंच बोलतायत आणि दोघांच्याही बोलण्यात आपण सुरुवातीलाच मरतोय.

मंजुळाबाईंकडे आणखी एक पुरावा होता. तो त्यांना झुलालने दिला होता. "कुऱ्ह्याकडच्या एकानं हेच ऑपरेशन केलं. त्याले मंग पोर झालं नही."

"त्याचं वय काय होतं, माय?" कौतिकने विचारलं.

"असंन साठ."

"आधीची पोरं?"

"सात."

"मंग?"

"मंग काय? आठवं झालं का?"

बाभळीचा निवाडा सोपा होता.

बाभळीच्या निवाड्यानंतर आलेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, कौतिकची बायको कुंदा रीतीप्रमाणे माहेरी गेली. आखाजी झाली. झोके सुटले, गाणी संपली, गावातल्या साऱ्या सुना एकेक करून परत आल्या. कुंदा आली नाही. नानांनी निरोप पाठवला, की जावयाचं ऑपरेशन झालं की पोर पाठवू. मंजुळाबाईंनी उलट निरोप पाठवला, की नातू झाला की ऑपरेशन करू.

आता नातू व्हायला सून घरात हवी. सून यायला ऑपरेशन हवं. ऑपरेशनला नातू हवा. कौतिकने हे दोन्ही बाजूंना समजावून पाहिलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "हेच त्या नानाले सांग." नाना म्हणाले, "हाईच तुमनी मायले सांगा." दोघांचाही निरोप त्याने इमानाने पोचवला.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीला आला तेव्हा, कौतिक स्वतःच बायकोला आणायला निघाला. खरं तर जावयाने आपणहून जायचं नसतं, सुनेला आणायला तिच्या सासरकडून कोणीतरी मुराळी जातो. पण पाठवायला घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि मंजुळाबाई म्हणत होत्या की मी गेले तर परत येताना माझ्यात आणि व्याह्यांत बोलणं उरणार नाही. आगगाडी, मग मोटार, मग बैलगाडी. दर खड्ड्याला एक हात जांघेवर. शिरपूरच्या अलीकडे गाडीवान म्हणाला, "पाव्हनं, पैशे पडतीन म्हनीसन धरी बठनात का?"

"व्हय," कौतिक म्हणाला.

सासुरवाडीत त्याचं जंगी स्वागत झालं. खापरावरचे मांडे झाले, आमटी झाली, तुपाची वाटी झाली. नाना स्वतः पंक्तीत बसून आग्रह करत होते. पोट भरलं की फुगा जास्त खाली येतो हे त्यांना माहीत होतं, पण तो विषय वेगळा आणि जावयाचा मान वेगळा.

"नाना, कुंदाले न्यायले आलो," कौतिक म्हणाला.

"न्या ना. तुमनीच शे," नाना म्हणाले आणि त्याच्या पानात आणखी एक मांडा पडला. "ऑपरेशन करा अन् लई जा. माले बठ्ठं गाव इचारस, पोर काबर माहेरले शे? मी काय सांगू? तुमनं सांगू का पोरनं सांगू?"

"काहीबी सांगा."

"तेच सांगस. मंग लोके आखो इचारतस."

हात धुवायला कुंदाने पाणी घातलं. तांब्या जरा उंचावरून धरून, म्हणजे पाण्याच्या आवाजात बोलणं झाकलं जाईल. "तुम्ही तरी काही बोला."

"कोनाले?"

"कोन्हलेबी. गावना निवाडा करतस म्हने तुम्ही."

"घरचा कोनी आनत नही."

तांब्यातलं पाणी संपलं. दुसऱ्या दिवशी कौतिक एकटा परत आला. येताना त्याला मांड्यांची शिदोरी मिळाली.

पौषात नाना स्वतःच बोदवडला उतरून कौतिकच्या गावी आले. व्याहीविहिणींनी समोरासमोर बसून काय ते मिटवू, असं त्यांनी कळवलं होतं. बरोबर कुंदाही होती. तिला आणायचं नव्हतं, पण बोलणं माझ्याबद्दलचं असेल तर मी येणार, असं म्हणून ती पहाटेच गाडीत जाऊन बसली होती. ती राहायला आली असा कोणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून नानांनी तिचं कपड्याचं गाठोडं गाडीतून उतरवून घरी ठेवलं होतं.

विषय नाजूक, म्हणून बैठक चावडीवर न घेता कौतिकच्याच ओसरीत ठेवली. गाव तरीही आलं. बायका आतल्या दाराशी, पुरुष ओसरीत, आणि उरलेले अंगणात. नाना म्हणाले, "माले बी मान्य, इहीनबाईले बी मान्य, असा पंच द्या. कोन्हीच बाजू न लेनारा."

मग झुलाल म्हणाला, "तसा एकच हाये."

सगळ्यांनी कौतिककडे पाहिलं.

"अरे भो," कौतिक म्हणाला, "हे माह्यंच हाये."

"मंग चांगलंच. तुले सांगत बसाले नको."

"माह्या आंगातलं हाये."

"त्या बाभळीखाली तुह्या बकऱ्याबी चरतात. निवाडा केलाच ना?" पुना म्हणाला. पुना आणि झुलालचं बाभळीनंतर प्रथमच एकमत झालं होतं, त्यामुळे गावाला ते वजनदार वाटलं. नानांनी मान डोलावली. मंजुळाबाई आतून म्हणाल्या, "माह्यी ना नही. तो खरं बोलतो."

अशा रीतीने कौतिक स्वतःच्या अंतर्गळाच्या निवाड्याला पंच म्हणून बसला. त्याला घोंगडी अंथरली. आता तो पंच होता, म्हणून सगळे त्याच्याशी तसंच बोलू लागले.

"पंचानं आईकावं," मंजुळाबाईंनी सुरुवात केली. दाराची चौकट धरून, पदर पुढे ओढून, जणू परक्या गावच्या माणसासमोर. "माह्या एकच पोरगा हाये. त्याचा बाप गेला. आता याले चाकूखाली घालायचं. गेला तं माह्याजवळ काय राह्यलं? एक नातू हातात द्या म्हनते. मंग तुमी त्याचं काहीबी करा."

"पंचले सांगस," नाना म्हणाले, "मनी बी एकच पोर शे. जावई सोन्याना शे, मी काही वाईट बोलत नही. पन आतडी अडकी गई तं मानूस एक रातमा जास. मंग त्या पोरनं काय, अन् तिना लेकरूनं काय?"

पंचाने दोघांचं ऐकून घेतलं. दोघांचंही आपापल्या बोलण्यात त्याला मारून झालं होतं. त्याने विचारलं, "आखीन कोनी बोलनार हाये का?"

"मी," कुंदा म्हणाली.

नाना वळून काही म्हणणार होते, पण पंचाने डावा हात वर केला, आणि हात वर केला की गप्प बसायची गावाला सवय होती. नानांनाही ती लागली.

कुंदा दारातून एक पाऊल पुढे आली. तिचा आवाज चिडलेला होता. "माले काही सांगनं नही. माले इचारनं शे. जेनं आतडं उतरनं त्याले इचारा, दुखस का?"

झुलालने पुनाकडे पाहिलं, पुनाने छपराकडे.

"दोन वरीसपासून बठ्ठा बोली ऱ्हायनात," कुंदा म्हणाली. "पहिले का मंग, पहिले का मंग. दुखस का, हाई कोन्ही इचारं? माय नही, बाप नही. मी बी नही इचारं. आता इचारस."

आता उत्तर कोणी द्यायचं हा प्रश्न होता. साक्षीदार आणि पंच एकाच घोंगडीवर बसले होते. झुलालने घसा खाकरला. "पंचानं... त्याले इचारावं," तो म्हणाला.

कौतिकने खाली पाहिलं. आपण गंभीर आहोत असं लोक म्हणत, तेव्हा त्याला बरं वाटायचं. त्या मानाच्या आड बाकीचं सगळं ठेवता येत होतं. गाडी जुंपताना, विहिरीवर मोट धरताना, आईसमोर पाटावरून उठताना त्याने इतक्या सावधपणे तोंड सरळ ठेवलं होतं, की ते त्याचं तोंडच झालं होतं.

"दुखतं," तो म्हणाला.

"किती?" पुनाने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यालाच बरं वाटलं नाही.

"उभं राह्यलं की दुखतं. गाडीत बसलं की दुखतं. वज्जं उचललं की डोळ्याम्होरं अंधारी येते." मग त्याने भर घातली, कारण पंचासमोर अर्धं बोलू नये असं तो इतरांना सांगत असे. "रातीच्याले बरं राह्यतं."

मंजुळाबाईंनी चौकट सोडली आणि पुन्हा धरली.

मग कौतिकने निवाडा दिला, नेहमीसारखा, सावकाश. "ऑपरेशन आधी. येत्या सोमवारी जळगाव. हे नानाचं. कुंदा आजपासून अथीच, गाठोडं मागून येईन. हे मायचं. दवाखान्यात जवळ कुंदा राह्यीन. पोराबाळाचं त्याच्यानंतर आमी दोघं पाहू. त्याच्यासाठी बैठक नको."

अंगणात कोणीतरी हसलं, पण लवकर आवरलं. नानांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "मान्य शे." त्यांना आता बिनगाठोड्याच्या पोरीला ठेवून एकटं परत जायचं होतं, आणि पाठवायचं ते गाठोडं पुन्हा बांधायचं होतं.

या गावात निवाडा मान्य झाला, की दोन्ही पक्ष पंचाच्या हातावर गूळ ठेवतात. जो हरला तो आधी. कोण हरलं हे ठरण्याआधीच नाना पुढे होत होते, कारण मुलीच्या बापाने नमतं घ्यावं ही रीत. पण मंजुळाबाई आतून गुळाची ढेप फोडून आल्या. हा निवाडा त्या हरल्या होत्या, आणि हे दुसऱ्या कोणी सांगायची त्यांनी वाट पाहिली नाही. भरल्या ओसरीतून वाट काढत त्या घोंगडीपाशी आल्या, पदर सावरला आणि वाकून पोटच्या पोराच्या हातावर खडा ठेवला.

"मान्य हाये, पंच," त्या म्हणाल्या.

त्या लगेच सरळ झाल्या नाहीत. कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "मले काहून नही सांगतलं रे?"

कौतिकने आईकडे पाहिलं नाही. त्याने खडा तोंडात ठेवला. पंचाचा गूळ विरघळेपर्यंत बैठकीतून उठायचं नसतं. खडा मोठा होता. सगळं गाव बसून राहिलं, आणि मंजुळाबाई तिथेच, वाकलेल्या, हात त्याच्या हाताखाली धरून.