दोनास तीन

अंबरीशने इकडेतिकडे पाहिलं आणि तारेखालची घोडी नखभर डावीकडे सरकवली. झालं!

सभागृह अजून रिकामं होतं. टेबलावर लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या दोन तारा. एक मोकळी, दुसरीखाली ती सरकती घोडी. तारांखाली एका प्राचीन ग्रीक शहराचा नकाशा चिकटवलेला. मोकळ्या तारेचा सा धरला, तर दुसरीच्या दोन तृतीयांशावर प वाजतो. आणि त्या शहरातल्या घरांच्या प्रत्येक चौकोनाच्या बाजूही दोनास तीन. शहर आखणाऱ्यांच्या मनात हाच मेळ होता, असं अंबरीशचं म्हणणं. डेल्फ्टच्या विद्यापीठात चार वर्षं त्याने त्यावर घासली होती.

त्या चार वर्षांत त्याच्या मार्गदर्शक मारैकेबाई ऐकता ऐकता घड्याळ बघायच्या. आणि काल तालमीला त्याची बायको वैदेही जरा मदतीला म्हणून आली, तिने तारा छेडल्या, वर सूर लावला, आणि बाई उडाल्याच!

"अंबरीश, आज मला तुझं शहर ऐकू आलं!"

मग कॉफी वैदेहीबरोबर, गप्पा वैदेहीबरोबर. पुढच्या महिन्यातल्या परिषदेलाही तिलाच आण म्हणे. हा आपला पाण्याची बाटली धरून उभा. खोटं कशाला बोला, त्याचा नुसता जळफळाट झाला. वैदेही लहानपणापासून गाणं शिकलेली, इथेही गाण्याचे क्लास घेणारी. पण ते तेव्हा त्याला कुठे आठवायला! आजच्या सादरीकरणावर त्याची पुढची नेमणूक ठरणार होती. तरीही हात घोडीकडे गेलाच.

सभागृह भरलं. वैदेहीने मोकळी तार छेडली, मग दुसरी. पुन्हा दुसरी. तिने घोडीकडे पाहिलं, मग अंबरीशकडे. त्याने मान खाली घातली.

"ऐकलंत? हा पंचम नाही," ती लोकांना म्हणाली. "अंबरीशने मुद्दाम घोडी हलवली आहे. नकाशावर बघून तुम्हाला फरक कळणार नाही. आता ऐका."

डोळे मिटून तिने घोडी हळूहळू सरकवली. प लागला, तशी पहिल्या रांगेतली माणसं हसू लागली. मारैकेबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, थेट अंबरीशकडे बघत.

"ही युक्ती मला आधी सांगितली नाहीस!"

सगळे त्याच्याभोवती जमले. हात मिळवले, पाठ थोपटली. तो हसत राहिला. टेबलापाशी वैदेही एकटीच तारा सैल करत होती.

बाहेर सायकलींपाशी त्याने तिला गाठलं.

"वैदेही, अगं, मी..."

तिने सायकलचं कुलूप काढलं, पेटी त्याच्या हातात दिली.

"मारैकेबाईंना कळव, परिषदेला मी येत नाहीये. घोडी कुठे ठेवायची ते तुला नीट माहीत आहे."